खेड्यात राहून ‘ला कॅम्पानेला’ कसं बसवायचं

प्रश्न विचारणारा मुलगा एकोणीस वर्षांचा, वर्धा जिल्ह्यात आर्वीजवळच्या गावातला. लहानपणापासून भजनी मंडळात पेटी वाजवतो. नागपूरला जाऊन-येऊन पियानो शिकला, आठव्या ग्रेडची परीक्षा झाली. घरी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आहे. मोबाइलवर वरून रंगीत पट्ट्या पडतात तसले व्हिडिओ बघून त्यानं एकोणिसाव्या शतकातला संगीतकार फ्रान्झ लिस्ट याच्या ‘ला कॅम्पानेला’ (म्हणजे ‘छोटी घंटा’) या पियानोरचनेचं पहिलं पान उचललंय. पण उड्या चुकतात, आणि वेग वाढवला की मनगटापासून कोपरापर्यंत हात दुखतो. डिसेंबरच्या गॅदरिंगला त्याला हेच वाजवायचंय. विचारतो, जमेल का, रियाज कसा करू, आणि डिजिटलवर हे होतं तरी का?

या डिसेंबरला नाही. रोज दोन तास नीट बसलास तर पुढच्या डिसेंबरला होईल, आणि चांगलं होईल. गॅदरिंगला काय वाजवायचं ते खाली सांगते, रिकाम्या हातानं पाठवत नाही तुला.

आधी दुखण्याचं बोलू, कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. दुखायला लागलं की त्या दिवशी ती जागा बंद. ‘थोडं सहन केलं की हात तयार होतो’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. ‘ला कॅम्पानेला’ ज्या सहा रचनांच्या संचातली, तो संच लिस्टनं क्लारा शूमान या पियानोवादिकेला अर्पण केला होता. तिच्या नवऱ्याचं, रॉबर्ट शूमानचं, पियानोवादक होणं उजव्या हाताच्या दुखण्यामुळेच राहून गेलं. अलीकडचं उदाहरण लिऑन फ्लायशर यांचं. १९६० च्या दशकात या अमेरिकन वादकाच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप आत वळायला लागली, आणि पुढची कित्येक वर्षं त्यांना एकट्या डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचनांवर राहावं लागलं. ‘ला कॅम्पानेला’ सगळ्यात जास्त राबवते ती हीच दोन बोटं. एक-दोन आठवडे विश्रांती घेऊनही दुखणं राहिलं, मुंग्या आल्या किंवा बोट बधिर झालं, तर सरळ डॉक्टरांना दाखव.

तुझं दुखणं कुठून येत असावं, याचा मला बराचसा अंदाज आहे. पेटीवरून पियानोकडे येणारी आपल्याकडची बहुतेक मुलं पट्टी तळापर्यंत दाबतात आणि दाबूनच ठेवतात. पेटीत आवाज लहान-मोठा होतो भात्यानं, बोटाच्या जोरानं नाही. स्वर टिकवायचा तर पट्टी दाबून धरावीच लागते, आणि त्याची सवय हातात मुरते. पियानोची पट्टी सुमारे १० मिलिमीटर खाली जाते, आणि तळाला टेकण्याच्या जरा आधीच हातोडी सुटून तारेकडे गेलेली असते. त्यानंतर कितीही दाबलं तरी आवाजात काडीचा फरक पडत नाही. डिजिटलमध्येही आवाज किती मोठा यायचा ते पट्टी किती वेगानं खाली गेली यावर ठरतं, नंतरच्या जोरावर नाही. म्हणजे तळाला गेल्यावर तू लावतोस तो सगळा जोर फुकट जातो, आणि तोच दुखण्याच्या रूपानं परत येतो. दुसरं म्हणजे, पेटीवर तुझा डावा हात भात्यावर असतो. पंधरा वर्षं उजव्या हातानं वाजवलं, डाव्यानं हवा दिली. या रचनेत पुढे एका जागी डाव्या हाताला जवळजवळ तीन सप्तकांची उडी आहे. त्याची तयारी आजपासूनच करायला लागेल.

आता रचनेबद्दल, कारण ती नेमकी काय मागते हे कळलं की रियाजाची अर्धी दिशा ठरते. मूळ धून पागानिनी या व्हायोलिनवादकाची. त्याच्या दुसऱ्या व्हायोलिन कंचेर्टोच्या, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेच्या, शेवटच्या भागातली, १८२६ सालची. तिथे व्हायोलिनच्या साथीला खरोखरच एक छोटी घंटा वाजते. लिस्टनं १८३२ मध्ये पॅरिसला पागानिनीला ऐकलं, तेव्हा तो वीस वर्षांचा होता, साधारण तुझ्याच वयाचा. त्या धुनेवर त्यानं आधी एक मोठी फँटसी लिहिली, मग १८३८ च्या सुमाराला एक एट्यूड, म्हणजे हाताच्या तयारीसाठीची रचना, आणि १८५१ मध्ये तोच एट्यूड पुन्हा नव्यानं लिहिला. आज सगळे वाजवतात तो हा १८५१ चा. १८३८ चा एट्यूड जास्त गच्च आहे, हाताला जास्त जड. तेरा वर्षांनी लिस्टनं स्वतः त्यातला भार काढून टाकला. पट्ट्यांची गर्दी कमी केली आणि घंटा वर एकटी, मोकळी ठेवली. त्यावर वेगाची सूचना ‘ॲलेग्रेटो’ एवढीच आहे, म्हणजे मध्यम चालीपेक्षा जरा चपळ. सुरुवात बारीक आवाजात आहे. मोबाइलवर ज्या सुसाट वेगानं आणि दणदणाटानं हे वाजवलेलं दिसतं, ते कागदावर लिहिलेलं नाही. माझं मत विचारशील तर ही रचना अवघड आहे ती हलकी राहायला हवी म्हणून. जोरात वाजवणारा त्या अवघडपणातून पळ काढतो, आणि हातही दुखवून घेतो.

तुझ्यासाठी एक सोय आहे, ती शहरातल्या मुलांना नसते. ही रचना जी शार्प मायनरमध्ये आहे, म्हणजे तुझ्या भाषेत काळी चारचा सा. स्वर कीरवाणी रागाच्या जवळचे: गंधार आणि धैवत कोमल, निषाद बहुतेक ठिकाणी शुद्ध. आणि सुरुवातीच्या भागात वर वाजत राहणारी घंटा म्हणजे काळी दोन, म्हणजेच पंचम. काळी चारमध्ये भजनं वाजवलीच असशील तू. मग ही धून आधी पेटीवर वाजव, सरगम म्हणत, घंटेशिवाय. ती तोंडात बसेपर्यंत पियानोवर उड्यांना हात लावू नकोस. व्हिडिओवरून उचललेल्या पानात हेच राहून जातं. पट्ट्या कळतात, धून कुठली आणि घंटा कुठली हे कळत नाही, म्हणून दोन्ही सारख्याच जोरात वाजतात. छापील नोटेशन वापर. लिस्ट १८८६ मध्ये गेला, त्यामुळे जुन्या प्रती फुकट आणि कायदेशीर मिळतात. आर्वीला झेरॉक्स काढून जाड कागदावर चिकटव.

आता उडी. पियानोची एक पांढरी पट्टी सुमारे २३.५ मिलिमीटर रुंद, म्हणजे दोन सप्तकांचं अंतर ३३ सेंटीमीटरच्या आसपास. उजव्या हाताला हे अंतर आणि कधी त्याहून एक पट्टी जास्त, मध्ये अजिबात सवड न देता कापायचं असतं. मुलं काय करतात, तर पंजा ताणून अर्धं अंतर बोटांनी गाठायला बघतात आणि उरलेलं हातानं. ताणलेला पंजा कडक होतो, कडक पंजा चुकतो. याच्या उलट कर. खालचा स्वर वाजला की पंजा लगेच मिटू दे, अंगठा आणि करंगळी पुन्हा जवळ येऊ देत, आणि मिटलेला पंजा कोपरापासून बाहेर ने. वाट पट्ट्यांच्या लगत हवी, बोटांची टोकं पट्ट्यांवरून जेमतेम एक-दोन बोटं वर. हात उंच कमान करून गेला की वरून खाली पडताना जागा हुकते, शिवाय घंटा ठणकते.

रियाज असा कर. खालचा स्वर वाजव. तो वाजताक्षणी हात झटकन काळी दोनवर ने आणि तिथे थांब. वाजवू नकोस. करंगळीला पट्टी लागलीय का ते बघ. काळी दोन म्हणजे दोन काळ्यांच्या जोडीतली उजवी. तिच्या डाव्या अंगाला दुसरी काळी, उजव्या अंगाला पांढऱ्यांची सलग जागा. बोटाला हा फरक न बघता कळतो. लागली असेल तर आता हलकेच वाजव. नसेल तर सरकवून दुरुस्त करू नकोस, खालच्या स्वरापासून परत सुरू कर, नाहीतर हात सरकवायलाच शिकतो. यात वाजवणं संथ असतं, पण जाणं मात्र पूर्ण वेगानं. बहुतेक जण संथ रियाजात हातही संथ नेतात, आणि मग वेग वाढवताना सगळं नव्यानं शिकावं लागतं. पोहोचायचं नेहमी आधी, वाजवायचं वेळेवर. हे हातात आलं की मधलं थांबणं हळूहळू कमी करत जा. कमी होता होता एक दिवस ते उरतच नाही.

मेट्रोनोमचा, म्हणजे ठेका देणाऱ्या यंत्राचा, काटा रोज थोडा थोडा वर चढवायचा, हा प्रकार या रचनेला एकट्यानं पुरत नाही. त्याच्या जोडीला छोटे तुकडे कर: दोन उड्या पूर्ण वेगात, मग थांबून हात सैल सोडायचा. मग तीन उड्या. मग एक अख्खा बार, म्हणजे नोटेशनमधला दोन उभ्या रेघांमधला तुकडा. तुकडा स्वच्छ आणि सैल आला तरच पुढे जायचं. आणि एका बैठकीत उड्यांना सलग पंधरा-वीस मिनिटांच्या वर वेळ देऊ नकोस.

डोळ्यांचं विचारलं नाहीस, पण तिथेच बरंच अडतं. उडी मारताना सगळे घंटेकडे बघतात, कारण ती लांब असते. पण सुरुवातीच्या भागात घंटा जागची हलत नाही, हलते ती धून. पहिले काही आठवडे घंटेकडे बघ, नंतर तिला हाताच्या भरवशावर सोड आणि नजर धुनेच्या पुढच्या पट्टीवर ठेव. कापूस वेचताना हात या बोंडावर असतो आणि डोळे पुढच्या बोंडावर गेलेले असतात, तसंच हे आहे. जपानचे पियानोवादक नोबुयुकी त्सुजी जन्मापासून दृष्टिहीन आहेत. २००९ च्या व्हॅन क्लायबर्न पियानो स्पर्धेत त्यांना विभागून सुवर्णपदक मिळालं, आणि ‘ला कॅम्पानेला’ ते मैफलीत वाजवतात. त्यांना बघ. उडीसाठी डोळे सोयीचे असतात, अपरिहार्य नसतात, हे त्यांच्या हातांकडे पाहून लख्ख कळतं.

गावातली लाइट जाते तो वेळ यासाठीच वापर. पियानो बंद असताना मुक्या पट्ट्यांवर डोळे मिटून उड्या मार आणि बोट कुठे टेकलं ते चाचपून बघ. आवाज नसला की सगळं लक्ष स्पर्शावर जातं. हा रियाज लाइट असतानाही पियानो बंद ठेवून करावा, एवढा तो उपयोगी आहे.

डिजिटलवर होतं का? शिकायला होतं, पण तीन गोष्टी तपास. पहिली, स्टँड. कात्रीसारखा फुलीचा स्टँड असेल तर तो काढून टाक. प्रत्येक उडीला तो किंचित डोलतो, आणि डोलणाऱ्या पट्ट्यांवर अंतर कधीच बसत नाही. गावातल्या सुताराकडून चार पायांचं भक्कम टेबल करून घे, उंची अशी की पट्टीवर हात ठेवल्यावर कोपर पट्ट्यांच्या बरोबरीत येईल. बसायला हात नसलेलं स्टूल घे. त्याची जागा फरशीवर खडूनं आखून ठेव. रोज चार बोटं इकडेतिकडे बसलास तर रोज नवी उडी शिकावी लागेल.

दुसरी, पुन्हा पुन्हा वाजणारा स्वर. मध्ये एक जागा अशी येते की एकच पट्टी बोटं बदलत भराभर वाजवायची असते. ग्रँड पियानोत हे जमतं, कारण पट्टी पूर्ण वर यायच्या आत हातोडी पुन्हा मारायला तयार असते. पॅरिसचा पियानो बनवणारा सेबास्तियाँ एरार याच्या या यंत्रणेचं पेटंट १८२१ मध्ये निघालं, आणि लिस्ट एरारचे पियानो वाजवत असे. लेखणी हातात घेताना असं वाद्य त्याच्या बोटांखाली होतं. डिजिटलमध्ये पट्टीखाली तीन सेन्सर असतील तर हे बऱ्यापैकी साधतं, दोनच असतील तर पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. तपासायला सोपं आहे: पट्टी दाब, अर्धीच वर सोड, पुन्हा दाब. आवाज आला तर काम भागेल. नाही आला तर त्या जागेचा वेग वाद्याला झेपेल तेवढाच ठेव, बोटांना दोष देऊ नकोस. या कामासाठी आधी स्कार्लाती या जुन्या संगीतकाराची के. १४१ (हा यादीतला क्रमांक) ही डी मायनरमधली सोनाटा, म्हणजे एक छोटी रचना, शिक. एकाच पट्टीवर बोटं बदलणं तिच्याइतकं चांगलं कुठे शिकायला मिळत नाही, आणि ती रचना म्हणूनही फार देखणी आहे.

तिसरी गोष्ट वीज. व्होल्टेज वर-खाली होतं तिथे अ‍ॅडॉप्टर आधी जातो, म्हणून पियानो इन्व्हर्टरच्या बोर्डावर ठेव. पावसाळ्यात झाकून, आणि उंदरांपासून जपून. पट्ट्यांखालचं नमदं त्यांना घरट्यासाठी आवडतं.

डाव्या हातासाठी संगीतकार शोपँच्या ऑपस २५ या संचातला चौथा एट्यूड घे, ए मायनरचा. त्यात डावा हात सतत खालचा स्वर आणि वरचा कॉर्ड (एकदम वाजवायचे काही स्वर) यांच्यामध्ये उड्या मारत राहतो. निम्म्या वेगात, एकटा डावा हात, रोज दहा मिनिटं. पेटीच्या भात्यावर गेलेली वर्षं त्यानं भरून निघतील.

ट्रिलच्या जागी, म्हणजे शेजारचे दोन स्वर आलटून-पालटून भराभर वाजवायचे असतात तिथे, अनामिका आणि करंगळी वेगवेगळी उचलायला जाऊ नकोस. अनामिकेला स्वतंत्र उचल निसर्गतःच कमी असते. कुलपात किल्ली फिरवताना फिरतो तसा कोपरापुढचा हात अगदी थोडा फिरव, बोटं त्या फिरण्यावर स्वार होऊ देत. तरी अडलं तर मधलं बोट आणि करंगळी वापर. ऐकणाऱ्याला बोटांचे नंबर ऐकू येत नाहीत.

शेवटची दोन पानं सगळ्यात आधी शिकायला घे. तिथे दोन्ही हातांनी सप्तकं आहेत, म्हणजे एकच स्वर लगतच्या दोन सप्तकांत एकदम वाजवायचा, आवाज मोठा आहे, आणि तिथे पोहोचेपर्यंत हात थकलेले असतात. जे पान थकल्यावर वाजवायचं ते सगळ्यात जास्त ओळखीचं हवं. पाठांतरासाठी नोटेशनवर पेन्सिलीनं दहा-बारा जागा आख, आणि घरातल्या कुणालाही आकडा सांगायला लाव. सांगितलेल्या जागेवरून तत्काळ सुरू करता आलं तर पाठ झालं. नेहमी पहिल्या बारपासूनच सुरू करणारा स्टेजवर एकदा अडला की अडला.

आता गॅदरिंग. लिस्टचंच ‘कॉन्सोलेशन’ नंबर तीन घे. संथ आहे, चारेक मिनिटांचं, सा काळी एक. त्याच माणसाचं गाणं आहे, आणि डाव्या हाताला पसरायला शिकवतं. सभागृहात पंखे, कुजबुज, मागे खुर्च्या सरकवणं चालू असताना बारीक आवाजात वाजवायची सवय तुला त्यातून लागेल, आणि पुढच्या वर्षी घंटेसाठी नेमकी तीच लागणार आहे.

साउंडवाल्याशी आधी बोलून ठेव. आपल्याकडे मिक्सरवर इको चढवलेलाच असतो आणि बेस पूर्ण उघडा. इकोमध्ये पियानोचा एक स्वर दुसऱ्यावर चढतो आणि सगळा चिखल होतो. त्याला सांग: इको बंद, बेस कमी, आणि पियानोच्या स्पीकरसमोर माइक धरायचा नाही, मागच्या जॅकमधून वायर थेट मिक्सरला. स्वतःची वायर घेऊन जा. वीज लायटिंगच्या बोर्डावरून घेऊ नकोस. स्टूलही घरचं ने, प्लॅस्टिकची खुर्ची चालत नाही.

त्याआधी भजनी मंडळापुढे वाजव, दोन-तीनदा. ती माणसं आयुष्यभर लोकांपुढे वाजवत आली आहेत. आमच्या गावच्या मंडळातले एक म्हातारे खंजेरीवाले नव्या पोरांना सांगतात, “बोट चुकलं तं चुकू दे गा, ठेका सोडू नोको.” ‘ला कॅम्पानेला’साठी यापेक्षा नेमका सल्ला मी कुठल्या मोठ्या शिक्षकाकडूनही ऐकला नाही. घंटेचा एखादा स्वर हुकला तर ऐकणाऱ्याला बहुधा कळतही नाही. मागे जाऊन तो परत वाजवलास की मात्र सगळ्यांना कळतं.

डिसेंबरात आपल्याकडे पहाट-संध्याकाळ बोटं आखडतात. स्टेजवर जाण्याआधी हात कोमट पाण्यात धर, कोपरापर्यंत. आणि तो वेचणीचाही हंगाम. बोंडाची टोकं नखांच्या कडेला लागून कातडी फाटते, आणि फाटलेल्या बोटानं काळ्या पट्टीच्या कडेला आपटणं किती झोंबतं ते तुला सांगायला नको. शेतात जावंच लागत असेल तर सुती हातमोजे घाल, बोटांची टोकं कापलेले नाही, पूर्ण. रात्री व्हॅसलीन लाव, पण रियाजाआधी साबणानं धुऊन हात कोरडे कर, नाहीतर करंगळी काळ्या पट्टीवरून घसरते.

दिवाळीपर्यंत फक्त इतकंच: धून पेटीवर काळी चारमध्ये, पहिल्या पानाच्या उड्या थांबून-थांबून, एकटा डावा हात, आणि मुक्या पट्ट्यांवरचा रियाज. नंतर एक छोटा व्हिडिओ काढून पाठव. मोबाइल वरून धरू नकोस, उजव्या बाजूला कोपराच्या उंचीवर ठेव. मला बोटं कमी आणि खांदा, कोपर, मनगट जास्त बघायचंय. खांदा वर चढतोय की नाही ते दिसलं की ट्रिलकडे कधी वळायचं ते सांगते.